हातपंपाचा मेम्ब्रेन फिल्टर आणि ऊर्जेची वसुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात मावेल एवढं यंत्र, त्याला एक दांडा. एक नळी खाऱ्या पाण्यात सोडलेली आणि दुसऱ्या, जेमतेम काडीएवढ्या नळीच्या टोकाला गोड्या पाण्याचा थेंब लोंबकळतोय. हे पहिल्यांदा पाहिलेली माणसं मला जे प्रश्न विचारतात ते साधारण तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. ज्याला हे यंत्र खरोखर वापरायचं आहे त्याने दुसरा आणि तिसरा प्रश्न घाई न करता वाचावा, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

हे यंत्र करतं तरी काय?

खाऱ्या पाण्यावर दाब देऊन ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे एका अतिशय घट्ट पडद्यातून ढकलतं. पाणी पलीकडे जातं, मीठ बहुतांशी अलीकडेच राहतं. घरातल्या आरओमध्ये हेच चालतं. फरक असा की तिथे विजेची मोटर असते आणि आत येणारं पाणी मुळात फारसं खारट नसतं. इथे मोटरच्या जागी तुमचे हात आहेत आणि समोर अख्खा समुद्र आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मध्ये पडदा ठेवला, की गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे जायला बघतं. ही त्याची ओढ सुमारे 27 बार दाबाइतकी असते. तिला नुसतं थोपवायचं म्हटलं तरी 27 बार लागतात, आणि उलट दिशेला बऱ्यापैकी पाणी काढायचं तर हातयंत्रांमध्ये 55 बारच्या आसपास जावं लागतं. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज बांधा.

मग ऊर्जेची वसुली, म्हणजे वाया जाणारा दाब परत कामाला लावणं, कशाला? जरा जास्त जोर लावला तर भागणार नाही का?

नाही भागणार. का, ते सांगतो.

55 बार म्हणजे पाण्याचा सुमारे 560 मीटर उंच स्तंभ. एक लिटर पाण्याला हा दाब द्यायला जेवढे कष्ट पडतात, तेवढ्यातच ते लिटर 560 मीटर उंच डोंगरावर चढवता येईल. आता गोची अशी की, हातयंत्रात आत ढकललेल्या दहा लिटरांपैकी साधारण एकच लिटर गोडं होऊन बाहेर येतं. उरलेलं नऊ लिटर पाणी आधीपेक्षा थोडं जास्त खारट होतं. त्याला ब्राइन म्हणतात, आणि ते समुद्रात परत सोडावं लागतं. म्हणजे एका लिटरसाठी तुम्ही दहा लिटर डोंगरावर नेले आणि त्यातले नऊ वरूनच फेकून दिले.

आकड्यांत सांगायचं तर, वसुली नसेल तर एका लिटर गोड्या पाण्याला सुमारे 55 किलोज्यूल लागतात. ब्राइनमधला सगळा दाब परत मिळाला असं धरलं तर साडेपाच किलोज्यूल पुरतात. तासाला साडेचार लिटर काढायचे असतील तर पहिल्या हिशेबाने सतत सुमारे 69 वॅट द्यावे लागतील, दुसऱ्या हिशेबाने सुमारे सात वॅट. पायांनी 69 वॅट काढणं एक वेळ जमेल. पण उन्हात, डुलत्या तराफ्यात बसून, तहानलेल्या माणसाने नुसत्या हातांनी तासभर तेवढा जोर लावायचा? ते होणार नाही. सात वॅटचा आकडा आदर्श यंत्राचा आहे. वॉशरचं घर्षण आणि झडपांमधली गळती धरली की प्रत्यक्षात जास्तच लागतात, तरी ते हाताच्या आवाक्यात राहतात.

रहाटाला दोन बाजूंनी दोन बादल्या बांधल्या, की खाली जाणारी बादली वर येणारीला उचलायला मदत करते. ओढणाऱ्याच्या वाट्याला फक्त दोहोंतल्या वजनाचा फरक येतो. ऊर्जेची वसुली म्हणजे नेमकं हेच. वर गेलेले नऊ लिटर खाली येताना पुढच्या दहांना वर ओढतात आणि तुम्ही उरलेल्या एका लिटरचे कष्ट करता. म्हणून मी या सोयीला जोडकाम म्हणत नाही. समुद्राच्या पाण्यावर चालणारं हातयंत्र तिच्याशिवाय उभंच राहत नाही.

ही वसुली आत होते कशी? एवढ्याशा यंत्रात टर्बाइन मावते?

टर्बाइन नसते. त्याहून कितीतरी साधी युक्ती असते, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

एक नळकांडं घ्या, त्यात एक दट्ट्या. दट्ट्याच्या एका बाजूला मोकळं तोंड, दुसऱ्या बाजूला त्याला हलवणारी सळई. दट्ट्याच्या पुढच्या तोंडाचं क्षेत्रफळ दहा धरा. मागच्या बाजूची एक हिश्शाची जागा सळईने व्यापलेली असते, म्हणून तिथे उरतात नऊ. तुम्ही दांडा दाबला की दट्ट्यापुढचं खारं पाणी मेम्ब्रेनकडे जातं. मेम्ब्रेनवरून सरकून आलेलं ब्राइन बाहेर न सोडता थेट दट्ट्याच्या मागच्या बाजूला आणलेलं असतं. त्याचा दाब जवळजवळ पुढच्याइतकाच असतो, त्यामुळे ते दट्ट्याला पाठीमागून ढकलतं. पुढून दहाचा विरोध, मागून नऊचा आधार. तुमच्या हाताला उरतो एक.

दट्ट्या परत येताना झडप फिरते, मागच्या बाजूचं दाब संपलेलं ब्राइन बाहेर पडतं आणि पुढच्या बाजूला समुद्राचं नवं पाणी ओढलं जातं.

आता एक उदाहरण घेऊ. दट्ट्याचा व्यास 20 मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा. 55 बारला त्याच्यावर सुमारे 175 किलोचा भार येतो. मागून आधार मिळाल्यावर साडेसतरा किलो उरतात. दांड्याची तरफ पाचास एक असेल तर हाताला लागतात साडेतीन किलो. आधार नसता तर त्याच दांड्यावर दर दाबाला 35 किलोचा जोर लावावा लागला असता, आणि तो मिनिटाला तीस वेळा.

यात आणखी एक गंमत दडलेली आहे. दट्ट्यापुढून दहा भाग पाणी गेलं आणि मागे फक्त नवांना जागा आहे. मग दहावा भाग जाणार कुठे? त्याला मेम्ब्रेनमधून जाण्यावाचून वाट नाही. म्हणजे किती टक्के पाणी गोडं होणार हे सळईची जाडी ठरवते. दाब मात्र कुणी ठरवून देत नाही, पाणी पलीकडे जायला लागेल तिथपर्यंत तो आपोआप चढतो. पाणी कमी खारट असेल तर दांडा हलका लागतो, जास्त खारट असेल तर जड. वेगळा दाबनियंत्रक जुळवत बसायची गरज राहत नाही, दाब हद्दीबाहेर गेलाच तर सुटका करायला एक सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा असतो.

या धाटणीच्या पंपांच्या कल्पनेमागे बोवी कीफर या अभियंत्याचं नाव येतं, त्यांचं अमेरिकन पेटंट 1980 चं आहे. मेम्ब्रेनची गोष्ट त्याआधीची. लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात वापरण्याजोगा पहिला पडदा केला. 1970 च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइड या प्लास्टिकचा पातळ थर असलेला पडदा आणला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच वापरला जातो.

म्हणजे ही फुकटची ऊर्जा झाली?

नाही. तुम्हीच दिलेली, एरवी वाया जाणारी ऊर्जा परत येते, नवी तयार होत नाही. पाण्यातून मीठ वेगळं करायला निसर्ग जी किमान किंमत मागतो ती समुद्राच्या पाण्यासाठी दर लिटरला पावणेतीन किलोज्यूलच्या आसपास आहे. तिच्याखाली कोणतंही यंत्र, कोणताही मेम्ब्रेन जाऊ शकत नाही. कुणी तसा दावा केला तर खुशाल पाठ फिरवा.

दहातले नऊ लिटर परत सोडायचे, हा उधळेपणा नाही का? निम्मं पाणी तरी गोडं का करत नाहीत?

मोठ्या प्रकल्पांत 40 ते 50 टक्के काढतातच. पण जितकं जास्त गोडं पाणी काढाल तितकं मागे उरलेलं जास्त खारट होत जातं. 40 टक्के काढलं तर 35 ग्रॅमचं पाणी 58 ग्रॅमवर जातं, 10 टक्के काढलं तर 39 च्या आतच राहतं. खारटपणा वाढला की दाब जास्त लागतो आणि मेम्ब्रेनवर क्षार बसायची भीतीही वाढते. मोठ्या प्रकल्पाला लिटरभर समुद्राचं पाणी उपसणं, गाळणं, त्यावर प्रक्रिया करणं यांचा खर्च असतो, म्हणून तो प्रत्येक थेंब पिळून घेतो. तुम्ही समुद्रात बसला आहात, पाण्याला तोटा नाही, तोटा आहे तो हातांतल्या ताकदीला. ब्राइनचा दाब परत मिळत असेल तर कमी टक्के काढणंच हाताला सोपं पडतं.

तासाला किती पाणी मिळतं?

कॅटाडिन कंपनीचं सर्व्हायव्हर 06 हे छोटं यंत्र सव्वा किलोच्या आत आहे. मिनिटाला 40 वेळा दांडा मारला तर ते तासाला सुमारे 0.9 लिटर देतं, म्हणजे एका वेळी अर्धा मिलिलिटरही नाही. त्याच घराण्यातलं सर्व्हायव्हर 35 सव्वातीन किलोच्या आसपास आहे आणि मिनिटाला 30 वेळा मारल्यावर तासाला साडेचार लिटर देतं.

पहिल्यांदा पंप मारणारे इथेच खचतात. दहा मिनिटं झाली तरी भांड्याचा तळ जेमतेम ओला. मग ते वेग वाढवतात, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, दाबलेलं पाणी बाहेर सांडतं आणि श्रम वाया जातात. एक-दोन, एक-दोन असा शांत ठेका धरा. मनगटाने मारू नका, खांदा आणि पाठ वापरा, दर दहा मिनिटांनी हात बदला. शेजारी माणूस असेल तर पाळ्या लावा.

छावणीला किंवा वस्तीला पाणी पुरवायचं हे साधन नव्हे. मदतकार्यातल्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला किमान 15 लिटर धरतात. मोठ्या यंत्रावरही एका माणसापुरते तेवढे काढायला तीन तासांहून जास्त वेळ जाईल.

मला नदीचं किंवा तळ्याचं गोडं पाणी शुद्ध करायचं आहे. हे यंत्र घेऊ का?

घेऊ नका. मी इतकं ठामपणे सांगतो, कारण चुकीचा मेम्ब्रेन घेऊन दमलेली माणसं मी पाहिली आहेत.

गोड्या पाण्यातला शत्रू मीठ नसतो, जंतू असतात. जिआर्डिया साधारण 8 ते 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियम 4 ते 6 चा, बहुतेक जिवाणू अर्ध्या मायक्रॉनपासून पुढे. 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनच्या पोकळ तंतूंचा फिल्टर यांना अडवतो. विषाणू मात्र त्यातून निसटतात. हिपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम 0.027 मायक्रॉनचा असतो. त्यांच्यासाठी 0.02 मायक्रॉनच्या आतला अल्ट्राफिल्टर हवा, किंवा गाळल्यावर पाणी उकळायला हवं. मायकेल प्रिचर्ड यांची लाइफसेव्हर बाटली 0.015 मायक्रॉनची आहे आणि तिच्या बुडातल्या हातपंपाने चालते.

अशा फिल्टरला एक बारच्या आसपास दाब पुरतो, म्हणजे लिटरला 0.1 किलोज्यूल. शिवाय जवळजवळ सगळं पाणी पलीकडे जातं, परत सोडायला दाबाखालचं ब्राइनच उरत नाही. वसूल करायचं काही नाही, त्यामुळे वसुलीची यंत्रणाही नको. पाण्याला लागेल तेवढाच दाब द्यावा.

आणि पाणी मध्यम खारट असेल, विहिरीचं किंवा खाडीच्या वरच्या अंगाचं?

लिटरमागे 2 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याची ओढ दीड बारच्या आसपास असते. दहा बारचं हातयंत्र घेतलं आणि 20 टक्के पाणी काढलं तर वसुलीशिवायही लिटरला पाच किलोज्यूलच लागतात. समुद्राच्या पाण्याला आदर्श वसुली धरून जवळजवळ तेवढेच लागत होते. म्हणून इथे साधं, कमी भागांचं यंत्र मला जास्त पसंत आहे. कमी झडपा, कमी वॉशर, कमी बिघाड.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी सुरक्षित, बरोबर?

चूक, आणि हा गैरसमज फार खोल रुजला आहे. टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो, म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसत नाहीत. अल्ट्राफिल्टरमधून गेलेलं निर्जंतुक पाणी मीटरवर आधीएवढाच आकडा दाखवेल, तर टीडीएस 50 असलेल्या ओढ्याच्या पाण्यात हवे तेवढे जंतू असू शकतात.

समुद्राच्या पाण्यावरच्या यंत्रासाठी मात्र हा मीटर खरा सोबती आहे. मेम्ब्रेन 98.4 टक्के क्षार अडवत असेल तर 35,000 मिलिग्रॅममधले सुमारे 560 पलीकडे येतात, आणि 600 च्या आतलं पाणी चवीला चांगलं मानतात. हाच आकडा दीड हजाराच्या वर राहू लागला तर मेम्ब्रेन किंवा त्याची सीलं थकली असं समजा. मीटर नसला तरी जीभ सांगतेच.

दांडा एकाएकी जड लागायला लागला. का?

आधी पाण्याचं तापमान आठवा. थंड पाणी मेम्ब्रेनमधून सावकाश जातं, दर अंशाला साधारण तीन टक्के फरक पडतो. आपल्या पंपात टक्केवारी सळईने बांधलेली आहे, म्हणून पाणी कमी येण्याऐवजी दाब चढतो आणि तो हाताला कळतो. सावकाश मारा, कमी होईल. पाणी तेवढंच असताना रोज थोडा थोडा जड होत असेल तर मेम्ब्रेनवर गाळ किंवा जंतूंचा चिकट थर बसतोय. आणि दांडा एकदम हलका झाला, पाणीही येईना, तर बहुतेक वेळा ओढनळीत हवा शिरलेली असते. नळीचं टोक हातभर खाली सोडा आणि जोड घट्ट करा.

मेम्ब्रेन कशाने खराब होतो?

क्लोरीन, तेल, कोरडेपणा आणि गोठणं. पॉलिअमाइडचा थर क्लोरीनने हळूहळू तुटतो, म्हणून क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्याने यंत्र धुवू नका. बंदरात, डिझेलचा तवंग असलेल्या जागी ते वापरू नका. एकदा ओला झालेला मेम्ब्रेन पुन्हा सुकू देऊ नका.

हे शेवटचं मी नुकसान सोसून शिकलो. एका प्रवासानंतर यंत्र नुसतं साध्या पाण्याने धुतलं आणि पिशवीत घालून ठेवलं. चार महिन्यांनी उघडलं तर आधी वास आला. पंप मारल्यावर दांडा दगडासारखा लागला आणि जे थेंब आले ते खारट होते. ओलसर राहिलेल्या भागात जंतू वाढले होते, बाकीचा पडदा सुकून आकसला होता. मेम्ब्रेन बदलावाच लागला. आता आठवडाभराहून जास्त ठेवायचं असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेलं जंतुरोधक द्रावण, बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइट, आत भरूनच ठेवतो. पुन्हा वापरताना पहिल्या काही मिनिटांचं पाणी टाकून द्यायचं, ते प्यायचं नाही.

पोकळ तंतूंचा फिल्टर गोठला किंवा पडला. अजून चांगला आहे हे कसं ओळखू?

ओला करा आणि पाण्यात बुडवून एका बाजूने हलकेच हवा सोडा. ओली छिद्रं इतकी बारीक असतात की त्यांतून हवा जायला बराच दाब लागतो, म्हणून धडधाकट फिल्टर हवा अडवतो. एका जागेवरून बुडबुड्यांची माळ सुरू झाली तर तंतू तुटला आहे. असा फिल्टर जंतूंसाठी निरुपयोगी, डोळ्यांना पाणी कितीही नितळ दिसो.

पाणी गढूळ आहे. तसंच ओढलं तर?

आधी तासभर भांड्यात निवळू द्या, मग दोन-तीन पदरी फडक्यातून गाळून घ्या. भरतीच्या काठचं वाळूमिश्रित पाणी शक्यतो टाळा, वाळूचा एक कण दट्ट्याच्या सीलवर चरा पाडतो आणि त्या चऱ्यातून 55 बारचं पाणी कायम निसटत राहतं.

अगदीच वेळ आली तर थोडं समुद्राचं पाणी प्यायला काय हरकत?

पिऊ नका. माणसाचं मूत्रपिंड समुद्राइतकी खारट लघवी तयार करू शकत नाही. आत गेलेलं मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं, म्हणजे प्रत्येक घोटाला तुम्ही जास्त कोरडे होता.

या यंत्राने खरंच कुणाचे प्राण वाचले आहेत का?

हो. 1989 मध्ये बिल आणि सिमोन बटलर या जोडप्याची शिडाची होडी प्रशांत महासागरात व्हेल माशांच्या धडकांनी बुडाली. दोघं तराफ्यावर 66 दिवस काढून जिवंत परतली. त्यांच्याजवळ हाताने चालवायचं आरओ यंत्र होतं. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही या यंत्रांना जागा दिली आहे. जीवरक्षक तराफ्यात माणशी दीड लिटर पाणी ठेवावं लागतं, आणि त्यातल्या एका लिटरऐवजी, दोन दिवसांत तेवढंच पाणी देऊ शकणारं हातयंत्र ठेवलेलं चालतं.

घेताना काय बघू?

दांडा तुमच्या हाताच्या लांबीला जमतो का, ते प्रत्यक्ष मारून बघा, शक्यतो वीस मिनिटं सलग. सीलं आणि मेम्ब्रेन सुटे मिळतात का, आणि कुठल्या अवजाराने बदलतात, ते विचारा. दोऱ्याने बांधायला कडी आहे का ते पाहा, तराफ्यातून हातातलं यंत्र निसटलं तर ते बुडणारच. आणि घेतल्यावर लगेच, शांत पाण्यात, पोट भरलेलं असताना एकदा संपूर्ण लिटर काढून पाहा. आपल्या हाताचा ठेका कोणता आणि कुठे थांबावं लागतं, ते त्या एका लिटरात कळतं.